रक्तप्रवाह वाढवणारी औषधं आणि रेडिएशन: हायड्रॅलाझिन उलटं का जातं?

तिसऱ्या_वर्षाची

रेडिएशन ऑन्कोलॉजीच्या थिसिसचा आराखडा करते आहे. पायाचं गृहीतक साधं: गाठीत ऑक्सिजन कमी असेल तर एक्स-रेचा मारा निम्म्याहून कमी लागू पडतो. मग रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध दिलं तर ऑक्सिजन वाढून गाठ जास्त जळायला हवी. पण वाचायला घेतलं तर हायड्रॅलाझिनने (वाहिन्या रुंदावणारं रक्तदाबाचं औषध) उंदरांतल्या गाठीचा प्रवाह घटतो आणि निकोटिनामाइडने (बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) सुधारतो. दोन्ही ‘प्रवाह’वालीच औषधं, मग असं का?

माझा ढोबळ प्रयोग असा. बाल्ब-सी जातीचे उंदीर, मांडीत ४टी१ गाठ (उंदरांच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींची), आकारमान २०० ते २५० घन मिमी झालं की उपचार. गट चार: काही नाही, फक्त १० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं एकक), निकोटिनामाइड ५०० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. आणि तासाभराने १० ग्रे, हायड्रॅलाझिन ५ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. आणि अर्ध्या तासाने १० ग्रे. भूल आयसोफ्लुरेन १.५ टक्के, ऑक्सिजनवर. गाठ चौपट व्हायला लागणारे दिवस मोजायचे.

दुसरा प्रश्न ओपीडीतला. हेड-नेकचे (डोकं-मानेच्या कॅन्सरचे) निम्मे पेशंट रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन नाहीतर टेल्मिसार्टनवर असतात. रेडिएशनच्या सहा-सात आठवड्यांत या गोळ्यांचं काही करायचं असतं का?

अर्धायुष्य

आधी गृहीतकाला हात घालतो, कारण घोळ तिथेच आहे. रेडिएशनच्या दृष्टीने ‘प्रवाह’ मोजून उपयोग नाही. बीम चालू असताना, त्या दोन-तीन मिनिटांत, पेशीपाशी पीओटू (ऑक्सिजनचा दाब) किती आहे एवढंच मोजलं जातं. पीओटू ३ मिमी पाऱ्याच्या आसपास असेल तर संवेदनशीलता पूर्ण ऑक्सिजन आणि शून्य ऑक्सिजन यांच्या बरोबर मधोमध असते. २० ते ३० च्या वर गेल्यावर आणखी ऑक्सिजन ओतून फरक पडत नाही. म्हणजे चांगला रक्तपुरवठा असलेल्या भागात प्रवाह दुप्पट केला तरी हाती काही लागत नाही. सगळा खेळ ० ते १० मिमी पाऱ्यात अडकलेल्या पेशींचा आहे.

त्या पेशी दोन प्रकारे अडकतात. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये दाखवलेला पहिला प्रकार: वाहिनीपासून दीडशे-पावणेदोनशे मायक्रॉनच्या पुढे ऑक्सिजन पोचतच नाही, वाटेतल्या पेशीच तो खाऊन टाकतात. हा कायमचा तुटवडा. दुसरा प्रकार १९७९ मध्ये ब्राउन यांनी सुचवला आणि ऐंशीच्या दशकात चॅप्लिन यांनी दाखवून दिला: वाहिनी काही मिनिटं बंद पडते, पुन्हा उघडते. हा येता-जाता तुटवडा. निकोटिनामाइड या दुसऱ्या प्रकारावर काम करतं, वाहिन्यांची ही उघडझाप कमी करतं. कार्बोजेन (ऑक्सिजनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू) पहिल्यावर, कारण रक्तातला ऑक्सिजन वाढला की तो दूरवर झिरपतो. म्हणून दोन्ही एकत्र वापरतात.

आता हायड्रॅलाझिन. गाठीच्या बऱ्याचशा वाहिन्यांना स्नायूंचं अस्तरच नीट नसतं, त्या आधीच जमेल तेवढ्या ताणलेल्या असतात. औषधाने रुंदावतात त्या आजूबाजूच्या त्वचेतल्या आणि स्नायूंतल्या निरोगी वाहिन्या. शेजारच्या शेताचं दार मोठं उघडलं की आपल्या पाटाचं पाणी आटतं, तसला प्रकार. वरून रक्तदाब उतरतो. आणि गाठीच्या आतला द्रवाचा दाब निरोगी उतींसारखा शून्याच्या आसपास नसतो, तो १० ते ४० मिमी पाऱ्यापर्यंत असू शकतो. बाहेरून दाबलेली आणि आतून दाब गमावलेली वाहिनी मिटते. यालाच स्टील (steal, रक्ताची चोरी) म्हणतात. उलटी बाजूही पाहा: अँजिओटेन्सिन-२ ने रक्तदाब चढवला की निरोगी वाहिन्या आवळतात, गाठीतल्या आवळू शकत नाहीत, आणि रक्त गाठीकडे वळतं. केमोचं औषध आत ढकलायला जपानमध्ये ही युक्ती वापरून पाहिली गेली आहे.

किती नुकसान होतं त्याचा हिशोब मांडतो. अल्फा ०.३, बीटा ०.०३ (डोसनुसार किती पेशी मरतात ते ठरवणारे दोन आकडे), ऑक्सिजनचा फायदा ३ पट धरू. २ ग्रेच्या एका फ्रॅक्शनला (एका वेळच्या हप्त्याला) ऑक्सिजनवाल्या पेशींपैकी ४८.७ टक्के वाचतात, ऑक्सिजन नसलेल्यांपैकी ८०.८ टक्के. दर फ्रॅक्शनला वेगवेगळ्या १० टक्के पेशी उपाशी असतील तर ३० फ्रॅक्शननंतर अब्जात साधारण ३ पेशी उरतात. औषधाने हे प्रमाण ३० टक्क्यांवर नेलं तर अब्जात ९४. म्हणजे तेहतीसपट जास्त. हे भरून काढायला त्याच परिस्थितीत आणखी साडेसहा फ्रॅक्शन लागतील, आणि ती देता येत नाहीत. (त्याच १० टक्के पेशी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत उपाशी राहिल्या असत्या तर लाखात १७ उरल्या असत्या. तसं होत नाही, कारण फ्रॅक्शनच्या मध्ये पुन्हा ऑक्सिजन पोचतो. रेडिएशन तुकड्यांत देण्याचं हे मोठं कारण.)

कट्ट्यावरचा_ऑन्को

एक दुरुस्ती. हायड्रॅलाझिनचं हे चित्र उंदरातलं आहे. माणसात गाठीचा प्रवाह असा भरवशाने पडत नाही. २५ ग्रॅमच्या उंदरात १ ग्रॅमची गाठ म्हणजे शरीराचे ४ टक्के. माणसात तेवढी गाठ धरायची तर अडीच किलोची होईल. शिवाय माणसाचं हृदय ठोके वाढवून दाब बऱ्यापैकी सावरतं. त्यामुळे थिसिसच्या चर्चेत ‘म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या रेडिएशनला मारक’ असं वाक्य लिहू नका.

ओपीडीचं उत्तर त्यातच आलं. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन बंद करायला काही आधार नाही, आणि बंद केल्यावर पक्षाघात झाला तर रेडिएशन अर्धवट राहील. लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टीवर: तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आलं की पेशंट जेमतेम लापशी-ताक घेतो, वजन उतरतं, पाणी कमी पडतं, आणि जुनाच डोस चालू असल्याने उभं राहिल्यावर चक्कर येते. सोबत सिस्प्लाटिन (केमोचं औषध) असेल तर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलवर क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) झपाट्याने चढतं. आठवड्याला बसून आणि उभं राहून रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन, पोटॅशियम. डोस कमी करायचा तो या आकड्यांवरून.

लोसार्टनचं (टेल्मिसार्टनच्याच गटातली रक्तदाबाची गोळी) एक वेगळं प्रकरण आहे, तेही वाचून ठेवा. ते गाठीतलं कोलॅजन आणि हायल्युरोनन कमी करतं, दबलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात. स्वादुपिंडाच्या स्थानिक वाढलेल्या कॅन्सरमध्ये फॉल्फिरिनॉक्स (केमोच्या औषधांचं मिश्रण), लोसार्टन आणि केमोरेडिएशन असा दुसऱ्या टप्प्याचा अभ्यास २०१९ मध्ये आला, ४९ पैकी ३४ जणांची गाठ कडा स्वच्छ ठेवून काढता आली. आकडा देखणा आहे, पण तुलनेचा गट नव्हता. लोसार्टनचं श्रेय किती हे त्यावरून सांगता येत नाही.

माणसात खरोखर टिकलेला पुरावा निकोटिनामाइड आणि कार्बोजेनचा. मूत्राशयाच्या कॅन्सरमधली ब्रिटनची बीकॉन चाचणी, २०१० ला प्रसिद्ध: ३३३ रुग्ण, तीन वर्षांनी हयात ५९ टक्के विरुद्ध नुसत्या रेडिएशनवर ४६ टक्के. स्वरयंत्रातली नेदरलँड्सची आर्कॉन, २०१२: ३४५ रुग्ण, मूळ गाठीच्या नियंत्रणात फरक नाही, मानेतल्या गाठींच्या नियंत्रणात ९३ विरुद्ध ८६ टक्के. पण ज्यांच्या बायॉप्सीत पिमोनिडाझोलने (ऑक्सिजन कमी असलेल्या पेशींना चिकटणारं खुणेचं रसायन) ऑक्सिजनचा तुटवडा दिसला होता त्यांच्यात हाच आकडा १०० विरुद्ध ५५ होता. या एका जोडीत सगळा विषय आहे. तुटवडा नसलेल्या गाठीला हे औषध देऊन फक्त उलट्या मिळतात.

गोळीबार

औषधाच्या दुकानाच्या बाजूने थोडं.

निकोटिनामाइड आणि निकोटिनिक अ‍ॅसिड दोन्ही ‘बी-३’ म्हणून विकले जातात, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. निकोटिनिक अ‍ॅसिड त्वचेच्या वाहिन्या रुंदावतं, तोंड लालबुंद होतं, खाज सुटते, ग्रॅममध्ये दिलं तर रक्तदाब उतरतो. म्हणजे नेमकं नको ते. चिठ्ठीवर ‘बी-३’ किंवा ‘नायसिन’ असं कधीही लिहू नका, पूर्ण नाव लिहा. मिश्र गोळ्याही नकोत. चाचण्यांतला डोस ६० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. होता, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका वेळी ३.६ ग्रॅम, ५०० मि.ग्रॅ.च्या सात गोळ्या. मिश्र गोळीतून एवढं द्यायला गेलात तर सोबतचा दुसरा घटक विषारी पातळीला जाईल.

वेळ: बीमच्या दीड-दोन तास आधी. सुरुवातीला ८० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. वापरत, मळमळ आणि उलट्यांमुळे ६० वर आणलं. न झेपल्यास ४०. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर त्या दिवशीचा डोस गेला असं धरा, पुन्हा देऊ नका. लिनॅक (रेडिएशनचं यंत्र) बंद पडून फ्रॅक्शन चार तास पुढे गेलं तरी तसंच. किडनीला जड जाणाऱ्या औषधांसोबत, त्यात एसीई इनहिबिटरही (रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या) आले, निकोटिनामाइडने क्रिएटिनिन चढल्याचं नोंदलेलं आहे.

पेंटॉक्सिफायलिनबद्दल विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारतंच. लाल पेशी लवचीक करतं, रक्ताचा घट्टपणा कमी करतं, उंदरांत गाठीचा पीओटू वाढतो. तरी गाठीची संवेदनशीलता वाढवायला म्हणून ते रोजच्या वापरात आलेलं नाही. त्याची जागा रेडिएशन संपल्यावर: त्वचेखाली दगडासारखं घट्ट झालेलं फायब्रोसिस, जबड्याच्या हाडाची कूज. ४०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा जेवणानंतर, सोबत व्हिटॅमिन ई १००० युनिट, आणि किमान सहा महिने. महिन्याभरात गुण नाही म्हणून सोडणारेच जास्त. गोळी सावकाश विरघळणारी असते, तोंड उघडत नाही म्हणून कुटून राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) घातली तर सगळा डोस एकदम सुटतो आणि रक्तदाब पडतो. वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवणारं औषध) असलेल्याचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं मोजमाप) लगेच तपासा. मेंदूत किंवा डोळ्याच्या पडद्यावर नुकताच रक्तस्राव झालेल्याला देऊ नये.

तिसऱ्या_वर्षाची

हिशोबामुळे स्पष्ट झालं. दोन गोष्टी अजून. एक, प्रवाह बंद पाडणारी औषधं (कॉम्ब्रेटास्टॅटिन वगैरे) रेडिएशनसोबत का देतात, ते तर ऑक्सिजन आणखी कमी करणार? दोन, प्रयोगात काय बिघडू शकतं?

अर्धायुष्य

पहिल्याचं उत्तर क्रमात आहे. कॉम्ब्रेटास्टॅटिन ए-४ फॉस्फेट वाहिन्यांच्या अस्तरपेशींच्या ट्यूब्युलिनला (पेशीच्या सांगाड्यातलं प्रथिन) धरतं, तासाभरात गाठीचा मधला भाग रक्ताविना पडतो आणि मरतो. कडेचा पातळ थर शेजारच्या निरोगी वाहिन्यांवर जगतो. मधला भाग म्हणजे रेडिएशनला न जुमानणारा, कडेचा म्हणजे ऑक्सिजन भरपूर असलेला, म्हणून एकमेकांना पूरक. पण औषध बीमच्या नंतर द्यायचं. आधी दिलं तर अर्धमेल्या, ऑक्सिजन नसलेल्या पेशी बीमसमोर येतात आणि वाचतात.

वाहिन्या ‘सुधारणारी’ औषधं याच्या मधली. बेव्हासिझुमॅबने (नव्या रक्तवाहिन्या रोखणारी अँटिबॉडी) गळक्या वाहिन्या काही दिवस नीट होतात, आतला दाब उतरतो, मग पुढे छाटणी जास्त होऊन पुन्हा तुटवडा. उंदरातल्या ग्लायोब्लास्टोमात (मेंदूचा कॅन्सर) अशाच एका अँटिबॉडीने ही खिडकी साधारण दुसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत दिसली होती. सहा आठवड्यांच्या रेडिएशनमध्ये ती कुठे बसवणार? २०१४ मध्ये एकाच वेळी आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, अ‍ॅव्हाग्लिओ आणि आरटीओजी ०८२५, नव्या ग्लायोब्लास्टोमात रोग पुढे सरकायला वेळ लागला, पण आयुष्य वाढलं नाही. माझ्या मते डोस आणि वेळापत्रक केमोच्या सोयीने ठरलं, ऑक्सिजनच्या नाही.

कट्ट्यावरचा_ऑन्को

वेळापत्रकावर सगळं ढकलू नका. बेव्हासिझुमॅबने एमआरआयवरचा उजळपणा कमी होतो, त्यामुळे ‘रोग सरकला नाही’ हे मोजमापच तिथे फसवं आहे.

आणि ऑक्सिजन वाढवण्याचे सगळे मार्ग सरळ नसतात. २००३ च्या हेड-नेक चाचणीत ३५१ रुग्ण होते, एरिथ्रोपोएटिनने (लाल पेशी वाढवणारं संप्रेरक) हिमोग्लोबिन मस्त चढलं आणि गाठीचं नियंत्रण मात्र प्लासेबोपेक्षा वाईट निघालं. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) पेशींचा ऑक्सिजन खर्च कमी करतं म्हणून फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमोरेडिएशनसोबत मधुमेह नसलेल्यांना दिलं, २०२१ ला दोन चाचण्यांचे निकाल आले, एकीत फायदा नाही, दुसरीत परिणाम खालावले. (मधुमेहासाठी चालू असलेलं मेटफॉर्मिन या कारणाने बंद करायचं नाही.)

फुकटातला उपाय मात्र कोणी मनावर घेत नाही. विडी-सिगरेटमधला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट धरतो, आणि साध्या हवेत निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. बाहेर टपरीवर झुरका मारून टेबलावर येणाऱ्याला निकोटिनामाइड देऊन काय करणार? १९९३ च्या कॅनडातल्या अभ्यासात रेडिएशन चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांत गाठ पूर्ण विरघळली ४५ टक्क्यांत, न करणाऱ्यांत ७४ टक्क्यांत. धूम्रपान करणाऱ्यांत इतरही फरक असतात हे मान्य, तरी फ्रॅक्शनआधी निदान सकाळपासून विडी नाही, एवढं प्रत्येकाला बजावा.

उंदीरमामा

प्रयोगाबद्दल मी लिहितो. सगळ्यात मोठं भोक: आयसोफ्लुरेन ऑक्सिजनवर. तुमचा ‘फक्त १० ग्रे’ गट शंभर टक्के ऑक्सिजन हुंगत बीमखाली पडणार. नियंत्रण गटाचीच गाठ औषधाविना सुधारली, मग निकोटिनामाइडचा फरक दिसणार कुठे? व्हेपरायझर (भुलीचा वायू सोडणारं यंत्र) साध्या हवेवर चालवा. केटामिन-झायलाझिन (भुलीच्या इंजेक्शनची जोडी) हा त्यावर तोडगा नव्हे. झायलाझिनने रक्तदाब आणि शरीराचं तापमान दोन्ही पडतात, हायड्रॅलाझिनच्या गटात तर दाब पाडणारी दोन औषधं एकावर एक बसतील. गुदद्वारातला प्रोब आणि गरम पॅड लावून ३६ ते ३७ अंश राखा. मांडीतली गाठ तशीही पोटापेक्षा थंड असते.

दुसरं, गट कमी पडताहेत. नुसतं निकोटिनामाइड आणि नुसतं हायड्रॅलाझिन, रेडिएशनशिवाय, असे दोन गट घ्यावेच लागतील. त्याशिवाय चिमटा गट: मांडी वरून आवळून रक्त तोडायचं, बीमआधी पाच-दहा मिनिटं आणि बीम संपेपर्यंत. हा पूर्ण तुटवड्याचा टोकाचा आकडा. मग औषध अधिक चिमटा अधिक १० ग्रे असाही एक गट. कारण मोठ्या डोसात निकोटिनामाइड पार्प एन्झाइमलाही थोडं अडवतं, म्हणजे डीएनए दुरुस्ती बिघडवतं. चिमटा लावूनही औषधाचा फायदा दिसला तर तो रक्तप्रवाहाचा नाही. हा गट नसेल तर परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत पकडतील.

तिसरं, एकटा १० ग्रे. वरच्याच आकड्यांनी बघा: १० टक्के पेशी उपाशी असतील तर १० ग्रेनंतर वाचलेल्यांत ९२ टक्के याच उपाशी पेशी असतात. २ ग्रेनंतर १६ टक्के. त्यामुळे एका मोठ्या डोसात औषधाचा परिणाम फुगून दिसतो, आणि तोच आकडा ३० फ्रॅक्शनला लावला की तोंडघशी पडायला होतं. निदान ५, १०, १५ ग्रे असे तीन डोस घ्या, म्हणजे डोस किती पटीने वाढल्यासारखा वागला ते गुणोत्तर काढता येईल. जमलं तर पाच फ्रॅक्शनचा एक गट.

प्रवाह दाखवायचा असेल तर हेक्स्ट ३३३४२ (चमकणारा रंग) शेपटीच्या शिरेतून, एका मिनिटाने गाठ काढून लगेच गोठवायची. फॉर्मेलिनमध्ये टाकली तर रंग पसरतो. वाहिन्यांची उघडझाप पकडायला दोन वेगळे रंग वीस मिनिटांच्या अंतराने, आणि ज्या वाहिन्यांत एकच रंग सापडला त्या मोजायच्या. निकोटिनामाइडने याच कमी व्हायला हव्यात. पिमोनिडाझोल ६० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ., गाठ काढण्याआधी तास-दीड तास. ते साधारण १० मिमी पाऱ्याखालच्या जिवंत पेशींतच चिकटतं, त्यामुळे मेलेला भाग मोजणीतून वगळा, नाहीतर मोठी गाठ विनाकारण ‘ऑक्सिजनवाली’ ठरते.

कॅलिपरने लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन. एकाच माणसाने मोजायचं, आणि त्याला गट माहीत नको.

लिनॅक_नंबर_दोन

टेक्नॉलॉजिस्टच्या बाजूने कार्बोजेनबद्दल, कारण ही गोष्ट कागदावर सोपी दिसते. चाचण्यांत ९८ टक्के ऑक्सिजन आणि २ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. ५ टक्क्यांच्या मिश्रणाने पेशंटला धाप लागते आणि तो मास्कखाली धडपडतो. मिनिटाला १५ लिटर, बीमआधी चार-पाच मिनिटं आणि बीम संपेपर्यंत. सीबीसीटी (जागा जुळवायला टेबलावरच घेतलेला सीटी) धरून बारा मिनिटं झाली तर फ्रॅक्शनला १८० लिटर, ३० फ्रॅक्शनला ५४०० लिटर, म्हणजे एका पेशंटमागे डी टाइपचं जवळपास एक सिलिंडर. मिश्रण खास मागवावं लागतं, पेशंट सुरू होण्याआधी मागवा.

हेड-नेकला तोंडात माउथपीस आणि नाकाला चिमटा लावणार असाल तर तो प्लॅनिंग सीटीलाच लावा. नंतर लावला तर जीभ खाली जाते आणि प्लॅनमधली जीभ एकीकडे, टेबलावरची दुसरीकडे. गॅस सीबीसीटीच्या आधी सुरू करायचा, नंतर नाही: श्वास बदलला की खांदे हलतात, जुळवलेली जागा बिघडते. झडप एकाच दिशेने उघडणारी हवी, साध्या ऑक्सिजन मास्कच्या भोकांतून खोलीची हवा आत येते आणि ९८ चे साठ-सत्तर टक्के होतात. जुना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) असलेल्याला डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय लावू नका, त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो.

तिसऱ्या_वर्षाची

गट बरेच वाढले, उंदीर दुपटीहून जास्त. एथिक्स कमिटीला सुधारित अर्ज द्यावा लागेल. हायड्रॅलाझिनचा १५ ग्रे गट गाळू का?

उंदीरमामा

गाळा, चिमटा गट मात्र गाळू नका. हायड्रॅलाझिन तुमच्या थिसिसमध्ये उलट्या दिशेचा पुरावा म्हणून आहे, तो १० ग्रेवर पुरेसा दिसतो. आणि व्हेपरायझर हवेवर नेल्यावर १.५ टक्क्याला भूल तितकीच खोल राहते का ते आधी दोन-तीन रिकाम्या उंदरांवर तपासा. श्वास मिनिटाला साठच्या खाली जात असेल तर टक्का कमी करा, नाहीतर भूलच पीओटू पाडेल.